पनवेल, उलवे, उरण, पेण की अलिबाग? घर ठरवण्याआधी रस्त्यावरची गर्दी कोणाची ते बघा

एजंट घर दाखवायला रविवारी सकाळी अकराला बोलावतो. मलाही उलव्यात तसंच बोलावलं होतं. रस्ता मोकळा, वारा छान, खिडकीतून लांबवर खाडी. "स्टेशन पाच मिनिटं," तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं, त्याच्या बाइकवर पाचच मिनिटं लागली. पुढे राहायला गेल्यावर सोमवारी सकाळी मी चालत निघालो तर बावीस मिनिटं लागली. खारकोपरच्या फलाटावर चढलो तेव्हा लोकलचा शेवटचा डबा माझ्यासमोरून सरकत होता आणि तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची गाडी जवळपास तासाने. नव्या नोकरीचा पहिला आठवडा होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, बोलले काही नाहीत.

आमच्या आधीची पिढी लालबाग-परळला गाववाल्याच्या खोलीत उतरायची, नंतरची डोंबिवली-नालासोपाऱ्यात. आता चिपळूण, महाड, गुहागर, श्रीवर्धनकडची मुलं एसटीतून पनवेललाच उतरतात आणि खोली तिथेच आसपास शोधतात. पनवेलपासून अलिबागपर्यंतचा हा पट्टा भराभर वाढतोय. भाडं किती, डिपॉझिट किती, हे सगळे विचारतात. गर्दीबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "गर्दी कुठे नाही?" प्रश्न चुकीचा असला की उत्तर असंच यायचं. कोणाची गर्दी आणि कधी, हे विचारायला हवं. ते कसं शोधायचं ते खाली सांगतो.

पहिली पायरी: घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर लिहा

एक वही घ्या. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा आणि पुढे तीनच गोष्टी: कुठे जायचं, किती वाजता पोचायचं, किती वाजता परत निघायचं. बहुतेक जण फक्त कमावत्या माणसाच्या ऑफिसपासूनचं अंतर मोजतात. मग घर घेतल्यावर कळतं की बायकोची शिफ्ट तळोज्याला आहे, मुलीचं कॉलेज वाशीला आहे आणि आईला पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यायचंय.

अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा. मिनिटं दारापासून दारापर्यंतची: लिफ्टची वाट, रिक्षाची रांग, पुलाचे जिने, उतरल्यावरची चाल, सगळं धरून. पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकल साधारण एक तास वीस मिनिटं घेते. पण खोलीतून निघून टेबलाशी बसेपर्यंत दोन तास सहज होतात. ते दोन तास मंजूर आहेत का, हे त्या माणसालाच विचारा. त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

दुसरी पायरी: त्या रस्त्याचा खरा मालक कोण, ते ओळखा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. या पट्ट्यातल्या प्रत्येक रस्त्यावर कोणीतरी तुमच्या आधीपासून आहे आणि रस्ता त्याच्या वेळेने चालतो.

उलवे, जासई, द्रोणागिरी, उरण या बाजूला मालक आहे कंटेनर. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आम्र मार्ग, गव्हाण फाटा, जासई, करळ फाटा आणि पळस्प्याकडून बंदराकडे येणारा रस्ता हे ट्रेलरचं जग आहे. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर तुमच्या ऑफिसच्या वेळेने चालत नाही. बंदराच्या गेटवर किंवा एखाद्या यार्डाशी रांग अडली की ती मागे मागे वाढत फाट्यापर्यंत येते. मग ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतात, केबिनखालचा स्टोव्ह काढून चहा टाकतात. हे दृश्य दिसलं की समजायचं, निदान तासाची निश्चिंती. दुचाकीवाले कडेने निघू बघतात, पण कडेच्या मातीवर घसरून ट्रेलरच्या चाकाशी जाण्याचा धोका खरा आहे. या भागात दुचाकीवर रोजचा प्रवास आखत असाल तर दोनदा विचार करा, आणि रात्रीचा असेल तर आखूच नका असं मी सांगेन.

म्हणून या बाजूला घर बघताना एक साधी परीक्षा: घरापासून रेल्वे स्टेशनपर्यंत बंदराचा रस्ता ओलांडावा लागतो का? नसेल तर उलवे-बामणडोंगरी-खारकोपर हा चांगला पर्याय आहे. नेरूळ-बेलापूरकडून खारकोपरपर्यंतची लोकल २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ ला ती उरणपर्यंत गेली. मात्र सीएसएमटीला जायचं तर नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते, आणि या मार्गावर हार्बरसारखी दर पाच-दहा मिनिटांनी लोकल नसते. इथल्या माणसाला वेळापत्रक तोंडपाठ असतं, तुम्हालाही करावं लागेल.

पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर या बाजूला मालक आहे लोकलने जाणारा नोकरदार, म्हणजे तुमच्यासारखाच माणूस. ही गर्दी निदान वेळेची पक्की असते. पनवेल हे शेवटचं स्टेशन असल्याने सकाळी तिथे बसायला जागा मिळते. खांदेश्वर, मानसरोवर करत गाडी खारघरला येईपर्यंत ती जागा गेलेली असते. घरभाड्यातला फरक बघताना हे लक्षात घ्या. वडिलांना गुडघेदुखी असेल तर पनवेल स्टेशनाजवळची जुनी, लिफ्ट नसलेली पण पहिल्या मजल्यावरची खोली खारघरच्या चकचकीत टॉवरपेक्षा सोयीची पडते. ठाणे-ऐरोलीकडे काम असेल तर पनवेल-ठाणे ट्रान्सहार्बर लोकल आहेच.

खारघर-तळोज्याच्या जाहिरातीत मेट्रो असते. बेलापूर ते पेंधर ही मेट्रो खरोखर चालू आहे, ११ स्टेशनं आहेत, आत गारवा आहे. पण ती खारघर रेल्वे स्टेशनात जात नाही. लोकल पकडायची तर बेलापूरला उतरावं लागतं. तळोज्याला घर आणि बेलापूरला काम असेल तर उत्तम. दादरला काम असेल तर ती एक वाढीव अदलाबदल आहे.

कळंबोली वेगळं प्रकरण आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे तिथेच सुरू होतो, सायन-पनवेल महामार्ग तिथूनच जातो, मुंब्र्याकडची वाट तिथेच मिळते, आणि शेजारी लोखंड बाजार. लागोपाठच्या सुट्ट्यांच्या आदल्या रात्री पुण्याकडे निघालेली अर्धी मुंबई तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असते. बाकीचे दिवस ट्रक. भाडं कमी असतं ते उगाच नाही. पण ट्रान्सपोर्टच्या धंद्यात असाल तर कळंबोलीइतकी सोय कुठे नाही, हेही खरं.

पेणचा मालक मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेतलं आणि पुढे किती वर्षं रेंगाळलं हे कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पेणमध्ये राहून पनवेलला नोकरी करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं चांगलं चाललंय, कारण गाव अजून गाव आहे. बाजारपेठ चालत जाण्यासारखी, मुलांच्या शाळा जवळ. रेल्वे आहे, पण रोह्याकडच्या गाड्या मोजक्या, त्यामुळे मुख्य भिस्त एसटीवर. शिवाय पेणला आपला स्वतःचा एक हंगाम असतो. श्रावण लागला की इथल्या आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून गणपती बाहेर पडतात. पेंढ्यात बसवलेल्या मूर्तींचे टेम्पो आरामात, खड्डा चुकवत चालतात, आणि त्यांना हॉर्न मारायची कोणाची हिंमत नसते.

अलिबागचा मालक म्हणजे पर्यटक. शनिवारी सकाळी तो येतो आणि रविवारी संध्याकाळी एकदमच परत निघतो. वडखळ ते अलिबाग अंतर बावीस-तेवीस किलोमीटर. मंगळवारी ते अर्ध्या-पाऊण तासात होतं. रविवारी संध्याकाळी कार्लेखिंड, पोयनाड, पेझारी असं एकेक गाव करत वडखळपर्यंत किती वेळ जाईल याचा नेम नाही. अलिबागचा जुना रहिवासी म्हणूनच शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढत नाही. मासळी शुक्रवारीच आणतो, लग्नकार्याला पनवेलला जायचं तर पहाटे निघतो. सोमवार ते शुक्रवार काम करणाऱ्याला हे चालून जातं. हॉटेल, दुकान, हॉस्पिटल अशी सुट्टीच्या दिवशी हजेरी लागणारी नोकरी असेल तर तुमची वेळ आणि पर्यटकांची वेळ एकच, आणि मग वडखळ बाजूला घर नको, कामाच्या गावातच हवं. वडखळजवळ डोलवीला पोलाद कारखाना आहे, त्याची अवजड वाहनं आणि शिफ्टच्या बस आठवडाभर असतात, ते वेगळंच.

तिसरी पायरी: रंगीत तालीम

कागद झाला, आता पाय. ज्या घराचा विचार पक्का होत आलाय तिथून तुमच्या खऱ्या वेळेला, खऱ्या साधनाने जाऊन या. सोमवारी सकाळी जा. पण त्याहून महत्त्वाचं, संध्याकाळी परत या. सकाळी माणूस ताजा असतो, सगळं सोपं वाटतं. संध्याकाळी सात-साडेसातला खांद्यावर बॅग, हातात भाजी, आणि स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग नागमोडी गेलेली, तेव्हा त्या घराची खरी किंमत कळते. रिक्षावाला चौथा माणूस मिळेपर्यंत हलत नाही आणि तुमच्या सेक्टरचं नाव ऐकून मान फिरवतो का, तेही बघा. तो नको म्हणत असेल तर तिकडून त्याला परतीचं भाडं मिळत नाही, म्हणजे तिकडे वर्दळ कमी. शांतता हवी असेल तर ही चांगली खूण आहे, रात्री उशिरा एकटं यायचं असेल तर वाईट.

पेण-अलिबागकडे हीच परीक्षा मिनिडोरच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या शेअर रिक्षाच्या थांब्यावर द्या. शेवटची मिनिडोर किती वाजता सुटते हे थांब्यावरच्या पानवाल्याला विचारा, एजंटला नको.

दुसरी फेरी शनिवारी मारा. तिसरी रात्री नऊला, आणि त्या वेळी इमारतीसमोर उभं राहून उजेड असलेल्या खिडक्या मोजा. ही युक्ती मला एका वॉचमनकाकांनी शिकवली. नव्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या नव्या वसाहतीत, निम्मेअर्धे फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले, बंद असतात. साठ घरांच्या इमारतीत वीस दिवे दिसले तर आजची शांतता, आजचं पार्किंग, आजचं पाणी हे वीस घरांचं आहे. बाकीची चाळीस घरं भरतील तेव्हा गेटसमोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या लागतील आणि शाळेची बस आत वळणार नाही. खारघर, कामोठ्याला हे होऊन गेलंय. कामोठ्यात संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधत तीन सेक्टर फिरणारे लोक एके काळी "इथे काय, माळरान आहे" असंच म्हणत होते.

चौथी पायरी: पावसाळ्यातलं घर वेगळं असतं

उलवे, द्रोणागिरी, उरणचा बराच भाग खाजणाच्या, मिठागरांच्या जमिनीवर भराव घालून उभा राहिलाय. पाण्याला जुनी वाट आठवते. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की उघाड्यांतून, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दारांतून, पाणी समुद्रात जात नाही, ते रस्त्यावर थांबतं.

इथे आपल्याकडचं जुनं गणित कामाला येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे जुलैतल्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास धो धो पाऊस असेल तर छत्री घेऊन तो सेक्टर बघायला जा. तळमजल्याच्या भिंतीवर ओलीचा पट्टा कुठपर्यंत आहे, दुकानदारांनी शटरखाली विटांचा उंबरा केलाय का, पार्किंगमधल्या मीटरच्या पेट्या किती उंचीवर बसवल्यात, एवढं बघितलं तरी पुरे. जुन्या पनवेलमध्ये गाढी नदीच्या बाजूला घर बघत असाल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं हे शेजारी विचारा. पन्नाशीच्या पुढचा कोणीही भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

अलिबागकडून मुंबईला पाण्यावरून जायचा बेत असेल तर लाँचचा हिशेब नीट करा. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च २०२० पासून आहे, गाडीसकट नेते, तासाभरात पोचवते, पण खवळलेल्या समुद्रात तिच्याही फेऱ्या रद्द होतात. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तिला गाळामुळे ओहोटीची अडचण येते. महिन्यातून चारदा जाणाऱ्याला हे सगळं मजेचं आहे. रोज बायोमेट्रिक हजेरी लावायची असेल तर बोटीच्या भरवशावर मांडव्याला घर घेऊ नका. रस्त्याने मुंबईला जायचं तर वडखळ-पेण-पनवेल असा पूर्ण वळसा पडतो.

पाचवी पायरी: चालू काय आणि येणार काय, दोन रकाने

जाहिरातीत सगळं "दहा मिनिटांवर" असतं. वहीचं नवं पान काढा, मधोमध रेघ मारा. डावीकडे जे आज चालतं ते, उजवीकडे जे येणार आहे ते. अटल सेतू डावीकडे, १२ जानेवारी २०२४ ला तो खुला झाला. नवी मुंबई विमानतळ डावीकडे, तिथून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. उरण आणि अलिबागची बाजू जोडणारा रेवस-करंजा पूल उजवीकडे. पनवेल-कर्जत लोकल उजवीकडे, जोवर तुम्ही स्वतः तिचं तिकीट काढत नाही तोवर.

उजव्या रकान्यासाठी जादा पैसे मोजू नका. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पहिला प्रवासी बसला नोव्हेंबर २०२३ मध्ये. उरणची लोकल नव्वदच्या दशकात मंजूर झाली होती. तेव्हा रेल्वे येणार म्हणून प्लॉट घेणाऱ्याची मुलं नोकरीला लागली, मग गाडी आली. आणि गोष्ट आली की आपल्याबरोबर आपली गर्दीही आणते. विमानतळ आला म्हणजे टॅक्सी आली, मालवाहू टेम्पो आले, रात्री दोनला ड्युटी सुटणारी माणसं आली, त्यांना खोल्या लागणार.

डाव्या रकान्यातल्या गोष्टीचाही खर्च लिहा. उलव्याहून दक्षिण मुंबईत अटल सेतूवरून गाडी नेणं हे स्वप्न सगळ्यांना पडतं. सेतू २१.८ किलोमीटरचा, मोकळा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत शिवडी. सुरू झाला तेव्हा मोटारीचा टोल एका बाजूचा २५० रुपये, त्याच दिवशी जाऊन-येऊन ३७५. महिन्याचे बावीस दिवस धरा, ८,२५० रुपये, पेट्रोल आणि तिकडचं पार्किंग वेगळं. तेवढ्या पैशांत घरभाड्याची वरची पायरी चढता येते. आणि दुचाकी, रिक्षा सेतूवर जाऊ देत नाहीत. हे माहीत नसल्याने आमच्याच गावचा एक मुलगा बाइक घेऊन टोलनाक्यापर्यंत गेला होता. त्याला तिथून मागे वळवलं, आणि वाशीच्या पुलावरून तो दादरला पोचेपर्यंत त्याची मुलाखत आटोपली होती. एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या, काही बस मात्र सेतूवरून मंत्रालयापर्यंत जातात. दक्षिण मुंबईत काम असेल तर त्यांचा थांबा घरापासून किती लांब ते आधी बघा.

इमारतीबद्दल थोडक्यात: भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला) बघा, प्रकल्प नवा असेल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याची नोंद बघा, उन्हाळ्यात टँकर किती येतात ते विचारा. गावठाणातल्या इमारती स्वस्त पडतात आणि शेजार चांगला मिळतो, पण गल्लीत अग्निशमनाची गाडी वळेल का, तेवढं डोळ्यांनी बघून घ्या.

सहावी पायरी: विकत घेण्याआधी भाड्याने राहा, आणि करार मे महिन्यात करा

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार कधीही करता येतो. मी मे सांगतोय त्याला कारण आहे. मे महिन्यात राहायला आलात की लगेच पाऊस, उधाण, खड्डे बघून होतात. पाठोपाठ गणपती. आपण गावाला जाणार, म्हणजे पनवेलहून कोकण रेल्वेत चढणं आलं. मुंबईहून भरून आलेल्या गाडीच्या जनरल डब्यात पनवेलला पाय ठेवायला जागा मिळते का, पनवेलहून सुटणाऱ्या जादा गाडीचं आरक्षण मिळतं का, की पळस्प्याच्या पुढे महामार्गावर रात्र काढावी लागते, हे एकदा अंगावर घ्या. गणपतीत अवजड वाहनांना महामार्गावर बंदी घालतात, तरीही गाड्यांची रांग असतेच. पेण किंवा वडखळला राहणारा माणूस या एका बाबतीत नशीबवान, तो आपल्या सगळ्यांच्या पुढे निघालेला असतो.

दिवाळीपर्यंत थांबा. तोवर तुमच्या वहीतल्या मिनिटांच्या शेजारी खऱ्या मिनिटांचा रकाना भरलेला असेल. मी उलव्यातल्या त्या घरात सात महिने काढले, आणि नंतर त्याच रस्त्यावर स्टेशनपासून चालत सहा मिनिटांवर दुसरं घेतलं. भाडं अडीच हजारांनी जास्त, खिडकीतून खाडी दिसत नाही, समोर दुसऱ्या इमारतीची कपडे वाळत घालायची गॅलरी दिसते. सकाळी लोकलचा भोंगा ऐकून निघालं तर मात्र अजूनही गाडी चुकते.